दासगावाहून ताजला

आमच्या आईचा वाढदिवस १ जूनचा. तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा तोच आहे. शाळेत नाव घालायला पोर उभं राहिलं की मास्तर वय अंदाजाने धरायचे आणि तारखेच्या रकान्यात १ जून टाकून मोकळे व्हायचे. घरातली नोंद वेगळी. भाताची लावणी चालली होती, आजी चिखलातून उठून घरी आली आणि रात्री आई झाली. म्हणजे जुलै असणार. पण आधार कार्डावर ७५ वर्षं जूनच्या पहिल्या दिवशी पुरी होत होती, आणि मुंबईत नोकरीला लागलेल्या पुतणीला तेवढं निमित्त पुरलं. तिने फोनवर जाहीरच करून टाकलं, "काका, आजीला ताजमध्ये न्यायचं. मी टेबल बुक करतेय. कोणी मोडता घालायचा नाही."

मोडता घालणारे अर्थात निघालेच. आमच्याकडे चांगल्या हॉटेलात जेवायला जायचं म्हणजे महाड. दासगाव हायवेला लागून आहे. रिक्षात बसलं, गांधारपाल्याच्या लेण्यांखालून गेलं की महाड आलं. हायवेवर आता एसी हॉलवाली हॉटेलं झाली आहेत. पोरगं बारावी सुटलं, सून घरात आली, कुणी नोकरीतून निवृत्त झालं की तिथे टेबलं जोडून बसायचं, ही आता रीतच पडली आहे. मेनूकार्ड सगळे हातात घेतात, पानं उलटतात, बारीक आवाजात दर वाचतात आणि शेवटी चिकन हंडी, तंदुरी रोटी आणि मुलांना मंचुरियन एवढंच सांगतात. एसी हॉलचे दर वेगळे, हे बिल आल्यावर कळतं. मला ही हॉटेलं मनापासून आवडतात. तिथे आपली माणसं मोठ्याने हसतात.

दादा म्हणाला, "ताजच्या पैशात अख्ख्या वाडीला मटण-भाकरी झाली असती." हिशोब बरोबर होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चहाच प्यायचा तर त्यासाठी मुंबई कशाला? कारण पुतणीने जेवण नव्हे, दुपारचा चहाच ठरवला होता. ताजच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, तिथला. चहाबरोबर खाण्याच्या इतक्या जिनसा असतात की वेगळं जेवावं लागत नाही, आजी रात्री तशीही भातच खाते, उजेडी समुद्र दिसतो आणि रात्रीच्या जेवणापेक्षा खर्च कमी. पोरगी विचार करून बोलत होती. मी तिच्या बाजूने उभा राहिलो. आई कुणाच्याच बाजूला नव्हती. "न्या कुठं न्यायचं तं," एवढंच म्हणाली आणि तांदूळ पाखडत बसली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बंदरावर जाऊन आलो. बंदर म्हणायचं ते आता सवयीने. ओहोटी लागली होती, काठाचा चिखल उघडा पडून चकाकत होता, कांदळवनाच्या मुळ्यांत बगळे उभे होते आणि दोन होड्या एका अंगावर कलंडून पडल्या होत्या. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपूर, महाड करत इथे येते आणि पुढे खाडी होऊन बाणकोटला समुद्राला मिळते. रस्ते नव्हते तेव्हा महाडच्या बाजारपेठेचा माल आणि माणसं भरतीच्या पाण्यावर इथवर चढून यायची. पाठीमागे डोंगर. २००५ च्या जुलैत तो आमच्यावर कोसळला, गावातली घरंच्या घरं गेली, आणि उरलेल्यांनी पुढची कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. दासगावचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा त्या दरडीमुळे. तो विषय या लेखात मावणारा नाही.

या बंदराचं नाव आणखी एका दिवशी इतिहासात आलं. २५ डिसेंबर १९२७. आदल्या दिवशी मुंबईहून पद्मावती बोटीने निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेवर प्रतिनिधींसह त्या दुपारी दासगावला उतरले. चवदार तळ्याच्या दुसऱ्या परिषदेसाठी. काठावर हजारो माणसं वाट पाहत होती. पोलीस अधिकाऱ्याने इथेच त्यांच्या हातात कलेक्टरचं पत्र ठेवलं. मग सगळे रांगेने, घोषणा देत, महाडपर्यंतचे पाचेक मैल पायी गेले. त्याच दिवशी रात्री महाडात मनुस्मृती जाळली गेली. आज ज्या हायवेवर आमची मुलं रिक्षाला हात करतात, तोच साधारण तो रस्ता.

आणि मुळात महाडात परिषद व्हावी म्हणून बाबासाहेबांकडे खेटे घालणारा तरुण दासगावचाच. रामचंद्र बाबाजी मोरे. पुढे कम्युनिस्ट चळवळीत कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेले, जीवनमार्ग साप्ताहिक त्यांनी सुरू केलं. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने आधी दार बंद केलं होतं. त्यांच्या आठवणींमध्ये महाडच्या बाजारातल्या एका चहाच्या हॉटेलाची हकीकत येते. खेड्यापाड्यांतून लाकडं, गवताचे भारे घेऊन बाजाराला येणाऱ्या आमच्या माणसांना अख्ख्या महाडात घोटभर पाणी मिळायचं नाही. म्हणून आपल्याच माणसाने काढलेलं हे हॉटेल. तिथे पाणी मिळे, चहा मिळे, टेकायला जागा मिळे. आणि टेकलेली माणसं बोलू लागली की बोलण्यातून परिषदा निघत. चवदार तळ्याचा इतिहास लिहिणारे ठराव आणि भाषणं नीट सांगतात, पण ते चहाचं दुकान घाईत ओलांडून जातात. मला ते ठरावाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

३१ मेला आम्ही वीर स्टेशनावरून दिव्याची पॅसेंजर धरली. तारीख वाईट. मे महिना गावी काढून चाकरमानी परतत होते. दारातच फणस, आंब्याच्या पेट्या, नारळाची पोती, सुकटीच्या वासाच्या पिशव्या आणि त्यांवर बसलेली माणसं. आईला पाहून एका मुलाने जागा दिली. ती बसली आणि गोरेगाव रोड यायच्या आत तिची डबा उघडायची लगबग सुरू झाली. प्रवासात भूक लागण्याची वाट पाहायची नसते, हे आमच्या घराण्याचं तत्त्व आहे. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कैरीच्या फोडी. समोरच्या बाईंनी आंबोळ्या काढल्या. देवाणघेवाण झाली. पाण्याची बाटली साताठ हातांतून फिरून रिकामी आली.

अशा डब्याजवळ बसलं की मला मसूर आठवतं. सातारा जिल्ह्यातलं स्टेशन, १९०१ साल. लहानगा भीमराव भावंडांबरोबर नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघालेला. नवे कपडे, खर्चाला पैसे, सोबत भरपूर खाणं. निरोप पोचला नसल्याने स्टेशनावर घ्यायला कोणी आलं नाही. मुलं महाराची आहेत हे कळल्यावर गाडीवाला गाडी हाकेना. दुप्पट भाडं घेऊन तो बाजूने चालला आणि बैल मुलांनी हाकले. रात्री टोलनाक्यापाशी थांबले. खाण्याची टोपली उघडी, पोटात भूक, आणि पाणी मिळेना. पाण्यावाचून घास उतरणार कसा? पोरं भरल्या टोपलीशेजारी उपाशी झोपली. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या छोट्या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे, तेही जराही आवाज न चढवता. अन्न असून उपास घडवता येतो, ही गोष्ट ज्यांच्या घरात कधी घडली नाही त्यांना ती सांगूनही कळायला वेळ लागतो.

माणगाव, कोलाड, रोहा, नागोठणे. पेण आलं तेव्हा डबा धुऊन पिशवीत गेला होता. पेणपासून धरमतर लांब नाही. मुंबईहून महाडला यायचा तेव्हाचा सरळ मार्ग हाच: बोटीने धरमतर आणि पुढे मोटार. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तो टाळला, कारण मोटारवाल्यांनी ऐन वेळी गाड्या नाकारल्या तर प्रतिनिधी अध्ये-मध्ये अडकले असते. बाणकोटच्या खाडीतून दासगावला उतरलं तर निदान महाड चालत गाठता येतं. आमच्या बंदराला ते मानाचं पान मिळालं ते असं, मोटारवाल्यांच्या धास्तीने. कोणती गाडी आपल्याला घेईल, कोणत्या दारात आपल्याला पाणी मिळेल, याचा नकाशा डोक्यात ठेवूनच आमच्या माणसांना प्रवास आखावा लागे. आम्ही मात्र या वेळी एवढीच चिंता करत होतो की दिव्याला उतरून लोकल कशी मिळणार. पूर्वी ही गाडी दादरपर्यंत जायची. आता दिव्यालाच सोडते, आणि तिथला जिना पंचाहत्तरीच्या माणसाने फणस घेऊन चढायचा म्हणजे परीक्षाच. फणस पुतण्याने घेतला. आईने पुतण्याला धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीएसएमटीला उतरून टॅक्सी केली, पण काळ्या घोड्यापाशी मी ती थांबवली. पुतणी घड्याळ दाखवत होती, तरी थांबवलीच. इथे कोपऱ्यावर वेसाइड इन नावाचं साधं, नीटनेटकं रेस्टॉरंट होतं. बाबासाहेब इथे येत, ठरलेल्या टेबलाशी बसून वाचत-लिहीत, राज्यघटनेच्या मसुद्याचं कामही त्यांनी इथे केलं, असं सांगतात. नंतरच्या काळात कवी अरुण कोलटकरांची बैठक इथेच असायची. ते हॉटेल आता नाही. मी आईला नुसती जागा दाखवली. तिने चपला काढल्या, फुटपाथवर हात जोडले आणि विचारलं, "हितं चहा कितीला व्हता?" मला सांगता आलं नाही.

तिथून हाकेच्या अंतरावर वॉटसन हॉटेलची इमारत आहे, बिडाच्या सांगाड्याची. इंग्लंडमध्ये भाग घडवून इथे आणून जोडलेली, दीडशे वर्षांपूर्वीची. आज ती पाहवत नाही, इतकी खंगली आहे. १८९६ साली ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. हे हॉटेल गोऱ्यांसाठी होतं. जमशेटजी टाटांना याच्या दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट प्रत्येक मुंबईकर सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकांना ती पटलेली नाही. मुंबईला साजेसं एक हॉटेल हवं, इतकाच जमशेटजींचा विचार असावा, असं ते म्हणतात. तरीही ती गोष्ट मरत नाही, कारण दारातून परत पाठवलेल्या माणसाने त्याहून मोठं दार बांधावं, हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. मला तिच्यासोबत दुसरी एक आठवते, ती मात्र पुरती खरी आहे. १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली ती एका पारशी उतारशाळेत, दिवसाला दीड रुपया भाड्याने, वहीत पारशी नाव लिहून. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्या दिवशी कमाठी बागेत काही तास बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. अपमान झालेल्या प्रत्येकाला ताज बांधता येत नाही.

ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ रोजी. गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर वीस वर्षांनी झाला, त्यामुळे आज आपण गेटवेसमोरचं ताज म्हणतो ते उलटं आहे. ताजसमोर गेटवे आला. ताजचा नकाशा आखणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी नाव आहे, त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं व्हायच्या आत वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने इमारत पुरी केली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हाच जुना भाग जळाला. पाहुण्यांना वाचवताना हॉटेलचे कर्मचारी मेले. १५ ऑगस्ट २०१० ला तो पुन्हा पूर्ण उघडला. आत शिरताना सामान यंत्रातून जातं, माणूस चौकटीतून जातो. आईची पिशवी यंत्रातून गेली. आत फणसाच्या उकडलेल्या आठळ्या होत्या. पुतणीने कपाळाला हात लावला. पहाऱ्यावरच्या माणसाने पिशवी परत दिली आणि हसून नमस्कार केला.

सी लाउंज म्हणजे लांबट, उजळ दालन. खिडक्यांशी छोटी टेबलं, मऊ खुर्च्या, बोलणी हलक्या आवाजातली. मोठ्या घरची लग्नं इथे बघाबघी होऊन जमतात असं म्हणतात. आमच्या पलीकडच्या टेबलावर तसंच काहीसं चाललं असावं. मुलगा घामाघूम आणि मुलगी निवांत होती. आईने इरकली नेसली होती. १४ एप्रिलची पांढरी नेस म्हटलं तर म्हणाली, ती कामाची साडी आहे, ही हौसेची. खुर्चीत ती अर्धीच टेकली. मग खिडकीतून खाली पाहून तिने विचारलं, "आपली बोट हितनंच सुटायची?" मी डावीकडे बोट केलं. कोकणच्या बोटी तिकडून, भाऊच्या धक्क्यावरून सुटत. इथून सुटतात त्या मांडव्याच्या आणि घारापुरीच्या. ती बराच वेळ डावीकडेच पाहत राहिली, दिसण्यासारखं काही नसताना.

टेबलाशी आलेली मुलगी मणिपूरची होती. चहा, खाणं, वाढदिवस, यातलं काही विचारायच्या आधी तिने हिंदीत पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. कोणतं पाणी देऊ? बाटलीतलं की साधं? बाटलीतलं असेल तर बुडबुडेवालं की बिनबुडबुड्यांचं?

अशा जागी हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. त्यात वावगं काहीच नाही. पण महाड तालुक्यातल्या आमच्या वाडीतून आलेल्या पाच माणसांच्या टेबलावर तो पडला आणि क्षणभर कोणीच बोललं नाही. पुतणी कार्डावर बाटलीचा दर पाहत होती. तो शेकड्यात होता. तिला कमीपणाही वाटायला नको होता, म्हणून ती बाटली सांगणार, एवढ्यात आईने विचारलं, "काय म्हणतीय ती?" पुतणीने मराठीत सांगितलं.

"साधं दे म्हणावं. इकतचं नको," आई म्हणाली. आणि मग मुलीकडे बघत, मराठीतच, "इकतचं पानी आमच्या मानसांनी पिऊन झालंय. चाळीस रुपयांचं."

मुलीला अर्थातच कळलं नाही. आम्हाला कळलं. मार्च १९२७ ची पहिली परिषद भरली तेव्हा महाडात आमच्या लोकांना पाणी भरायला जागा नव्हती, म्हणून परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात हा आकडा आहे, आणि दर २० मार्चला महाडात कुठल्या ना कुठल्या भाषणात तो येतोच. आई ती भाषणं वर्षानुवर्षं पाणी वाटता-वाटता ऐकत आली आहे. चवदार तळं तर कागदावर आधीच खुलं झालं होतं. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ ला झाला, महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तीन वर्षं त्या ठरावावर धूळ बसली. २० मार्चला बाबासाहेबांनी जाऊन ओंजळ भरली. पुढचं जे झालं ते जेवणाशी जोडलेलं आहे, म्हणून इथे सांगतो. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. परिषदेचे लोक परतीची बांधाबांध करत होते, काही मांडवात जेवायला बसले होते. जमाव लाठ्या घेऊन मांडवात घुसला, माणसं झोडली आणि शिजलेलं अन्न मातीत मिसळलं. कित्येकांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. मग तळं शुद्ध करायला दही, दूध, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. ऑगस्टात नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीला दहा वर्षं.

साधं पाणी आलं. काचेच्या पेल्यात, थंड, चकचकीत. आई गटागटा प्यायली आणि पेला पुढे केला. मुलीने पुन्हा भरला.

चहाची मात्र आईने फजिती केली. किटली आली, गाळणी आली, दूध वेगळं, साखरेच्या वड्या वेगळ्या. मुलीने एक हात पाठीमागे धरून, दुसऱ्या हाताने किटलीच्या झाकणावर घडीचा रुमाल दाबून, गाळणीतून धार सोडली; थेंब बशीत पडला नाही. आईने कपात डोकावून पाहिलं. "ह्या चहा हाय का चहाचं धुवन?" दूध घालून, साखरेच्या चार वड्या घालूनही रंग तिच्या मनासारखा झाला नाही. खाण्याचं मात्र तिने नाव काढलं. काकडीचं सँडविच ("हे आजारी मानसाचं हाय पन बरं हाय"), छोटे केक, आणि भेळ. भेळेत कांदा कमी होता. बाकी दासगाव नाक्याच्या तोडीची, असा तिने निवाडा दिला. माझंही मत सांगून टाकतो: नाक्याची सरस आहे.

पुतणीने आधी सांगून ठेवलेलं असल्यामुळे चॉकलेटने नाव लिहिलेली बशी आली, मेणबत्ती आली, चार कर्मचारी टाळ्या वाजवत गायले. आई शांतपणे ऐकून घेत होती. गाणं संपल्यावर तिने मणिपूरच्या मुलीचा हात धरला आणि मोडक्या हिंदीत खरं सांगून टाकलं की वाढदिवस आज नाही, लावणीच्या दिवसांत असतो. मग तिच्या बुटांकडे पाहिलं. सकाळपासून उभी आहेस का? जेवलीस का? मुलगी म्हणाली, जेवले. आईचा विश्वास बसला नाही. तिने पिशवीत हात घातला आणि मूठभर आठळ्या तिच्या हातात दिल्या. मुलीने त्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या. पुतणीने या वेळी कपाळाला हात लावला नाही.

आमच्यातलेच काही जण नंतर मला म्हणाले, बाबासाहेबांनी तळं खुलं केलं ते तुम्ही ताजमध्ये चहा प्यावा म्हणून का? त्यांना सांगायला माझ्याकडे बाबासाहेबांचंच म्हणणं आहे. महाडच्या भाषणाचा मथितार्थ हाच होता की त्या तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि न प्यायल्याने आजवर मेलोही नाही. इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला तिथे जायचं. ताजच्या चहाने तरी कोण अमर होतो? चहा घरचा चांगला, भेळ नाक्याची चांगली. पण दोन तास एका खिडकीशी बसलो, आणि तुम्ही कोण, कुठले, आडनाव काय, हे त्या दोन तासांत कोणी विचारलं नाही. देशात आजही अशा टपऱ्या आहेत जिथे आमच्या माणसाचा कप वेगळा ठेवतात. तिथला चहा दहा रुपयांचा असतो आणि तो मला महाग वाटतो.

पैशाचं दारही दारच, हे मला मान्य आहे. पुतणीने बिलाचं पाकीट माझ्या हाती लागू दिलं नाही, पण तिच्या पगारातला केवढा तुकडा त्यात गेला हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. आमच्या वाडीतली बहुतेक घरं त्या दारातून आत जाऊ शकणार नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये वर्षं काढलेल्यांना ताज काय आणि वेसाइड इन काय. पण पैशाच्या दारावर दर लिहिलेला असतो. नोकरी लागली, पगार झाला की मुलगी आजीला घेऊन त्यातून आत जाते. महाडच्या तळ्याला दर नव्हता. तिथे कितीही पैसे दिले तरी पाणी मिळालं नसतं. चाळीस रुपये दिले ते दुसऱ्याच्या विहिरीच्या पाण्याला. दोन्ही दारं सारखीच, असं म्हणणाऱ्यांशी म्हणून माझं जमत नाही. आणि दादाच्या मटण-भाकरीचं म्हणाल तर तीही झाली. लावणी उरकल्यावर, जुलैत, वाडीला.

वाचणाऱ्यांपैकी कोणी आमच्याकडे येणार असेल तर वीर स्टेशनावर उतरा, भरतीची वेळ विचारून दासगावचं बंदर पाहा आणि मग महाडला चवदार तळ्यावर जा. २० मार्चला येणार असाल तर ऊन कडक असतं आणि गर्दी लाखांत, पण पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणपोया असतात, थंड पाण्याचे पिंप भरलेले असतात, आणि पेला पुढे केलात की कोणीही काही न विचारता भरून देतं. खुशाल प्या.